अजून कोण म्हणतं?

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. एरवी साऱ्या शाळेत त्या ‘अजून-कोण बाई’. पाचवीचं एखादं पोर धापा टाकत आलं आणि म्हणालं, “बाई, बाई, मागच्या गल्लीत भिंत पडली!” की बाई चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “असं? अजून कोण म्हणतं?” पोर आल्या पावली परत पळायचं, आणखी दोघांना धरून आणायचं, आणि तिघांचं ऐकल्यावर कळायचं की भिंत जागच्या जागी आहे, भिंतीवरची कुंडी पडली, आणि तीही आपण होऊन पडली नाही, मांजरानं पाडली. मग बाई खूश होऊन म्हणायच्या, “बघा! एका तोंडानं पाडलेली भिंत तीन तोंडांनी उभी केली.”

घरीही तेच. त्यांचे यजमान सकाळी पेपरात डोकं घालून म्हणायचे, “चहात साखर कमी पडलीय आज.”

“अजून कोण म्हणतं?”

“अगं, घरात दुसरं आहे कोण! शेजारच्यांना बोलावू का चव घ्यायला?”

अशी ही बाई. बुटकी, ठणठणीत आवाजाची, हातावर सदैव खडूची पांढरी साय. दर सोमवारी पहिल्या तासाला वर्गात त्यांचं एक छोटंसं नाटक असायचं. दोन पोरांना आधीच पढवून ठेवलेलं असायचं. ती दोघं दारातून यायची, टेबलावरच्या डब्यावरून भांडायची, डबा पाडायची आणि पळायची. वर्गातली काही मुलं खिडकीशी बसवलेली, काही दाराबाहेर उभी, आणि काहींनी डोळे घट्ट मिटून नुसतं ऐकायचं. मग जो तो आपापलं लिहायचा आणि बाई ते फळ्यावर गोळा करायच्या. सगळ्यांनी सांगितलेलं इकडे, एकानंच सांगितलेलं तिकडे, आणि एकमेकांशी भांडणारं मधोमध. नाटकाच्या थिएटरात पहिल्या रांगेतल्याला नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि बाल्कनीतल्याला त्याची सावली दिसते. खरा प्रयोग कसा झाला हे सांगायला दोघंही लागतात. हेच बाई वर्षानुवर्षं शिकवत आल्या. दुसऱ्या शाळांतले शिक्षक त्यांचा तास बघायला येत आणि मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसत.

फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं एक नियम लिहिलेला होता. तो पुसायची कोणाला परवानगी नव्हती. ‘एकानं सांगितलं तर ऐका. दोघांनी सांगितलं तर लिहा.’ सोपा, ठसठशीत, टाळी घेणारा. टाळीच्या वाक्यांचा एक धोका असतो. टाळ्यांच्या कडकडाटात ती तपासून बघायची राहून जातात.

त्या वर्षी शाळेला बरीच वर्षं पूर्ण झाली म्हणून तळमजल्याच्या लांबलचक भिंतीवर शाळेची गोष्ट मांडायचं ठरलं. प्रत्येक वर्गाला एकेक खोली वाटून दिली. बाईंच्या वर्गाच्या वाट्याला ग्रंथालय आलं. ग्रंथालयाच्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट घडली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ उघडा राहिला होता आणि पाणी छतातून झिरपून जवळजवळ सगळी पुस्तकं नासली होती.

“ती गोष्ट शोधून काढा,” बाई म्हणाल्या. “पण माझ्याकडून नाही. मी आयतं देणार नाही. बाहेर जा, माणसांना विचारा.”

मुलं तीन टोळ्या करून निघाली. एक टोळी शाळेच्या क्लार्ककडे, एक समोरच्या शिंपीकाकांकडे, एक कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या मावशींकडे. दुसऱ्या दिवशी सगळे विजयी मुद्रेनं परतले.

“क्लार्कसाहेब म्हणाले, घंटावाल्या काकांनी नळ उघडा टाकला.”

“शिंपीकाका पण तेच म्हणाले! म्हणाले, शिपाई झोपाळू असला की असंच व्हायचं.”

“मावशी तर म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला माहितीय, बाळांनो, यात विचारायचं काय!”

वर्गात ‘वकील’ नावानं ओळखला जाणारा एक मुलगा होता. सुट्टी पाच मिनिटं उशिरा झाली तरी तो दाद मागायचा. तो उठला, फळ्यावरच्या नियमाकडे बोट दाखवून म्हणाला, “बाई, दोघं लागतात. आपल्याकडे तिघं आहेत. लिहायचं ना?”

“लिहा,” बाई म्हणाल्या.

मोठा पांढरा कागद जमिनीवर पसरला होता. मुलं गुडघ्यांवर बसून पेन्सिलीनं रेघा आखू लागली. घंटावाले काका म्हणजे शाळेचे जुने शिपाई. घंटा देणं, खोल्यांना कुलपं लावणं, किल्ल्यांचा जुडगा सांभाळणं हे त्यांचं काम. त्या घटनेनंतर त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना मैदान झाडायला लावलं. घंटा विजेची आली. एका टर्मनंतर काकांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभ झाला नाही. आता त्यांच्या नावातलं प्रत्येक अक्षर तळहाताएवढं होणार होतं, म्हणजे जिन्यावरूनही वाचता येईल.

एक मुलगी मात्र भिंतीला टेकून उभी होती. त्याच वर्षी या शाळेत आलेली. आवाज इतका बारीक की वर्गानं तिचं नाव ‘चिमणी’ पाडलं होतं.

“तू का गं नाही बसलीस?” बाईंनी विचारलं.

ती काहीतरी बोलली. कोणाला ऐकू गेलं नाही.

“मोठ्यानं बोल, बाळ.”

“ते माझे आजोबा आहेत,” चिमणी म्हणाली. “आईचे बाबा.”

पेन्सिली थांबल्या. मग वकिलानं घसा साफ केला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बाईंनी शिकवलेलंच तो बोलत होता. “पण बाई, तिघांनी सांगितलंय. आणि ती तर एकटीच. एकानं सांगितलं तर नुसतं ऐकायचं.”

“ती काही सांगतच नाहीये,” दुसरं कोणीतरी म्हणालं. “तिला तर माहीतच नाही.”

चिमणीनं मान हलवली. तिला खरंच माहीत नव्हतं. घरी हा विषय निघाला की आजोबा उठून बाहेर जात, एवढंच तिला माहीत होतं.

बाईंना त्या पोरीच्या तोंडाकडे बघवेना. पण वर्गासमोर गडबडायची त्यांना सवय नव्हती. प्रॉम्प्टर गप्प झाला तरी नटानं बोलत राहायचं असतं. त्या म्हणाल्या, “थांबा. घाई नको. आपण एक गोष्ट विचारायची विसरलो. उद्या त्याच माणसांकडे परत जा आणि विचारा, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का? नसेल, तर तुम्हाला कोणी सांगितलं?”

आपल्याला वेळेवर हे सुचलं याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला. खोटं कशाला सांगा, चांगलाच वाटला. संध्याकाळी यजमानांना त्यांनी ते रंगवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मुलं सांगत गेली, बाई नावं लिहून बाण काढत गेल्या.

“मावशींनी पाहिलं नव्हतं. त्यांना शिंपीकाकांनी सांगितलं.”

मावशींकडून शिंप्याकडे बाण गेला.

“शिंपीकाका आधी रागावले. म्हणाले, मी काय शाळेच्या माडीवर शिवणकाम करत होतो का? मग म्हणाले, क्लार्क शर्ट टाकायला आला होता, तो बोलला.”

शिंप्याकडून क्लार्ककडे बाण गेला. वर्गात खुसखुस सुरू झाली. पोरांना गंमत वाटू लागली होती. कालची तीन तोंडं बघता बघता एकात एक शिरत चालली होती, एका डबीत दुसरी डबी शिरावी तशी.

“आणि क्लार्कसाहेब?”

“ते म्हणाले, आम्हाला जुन्या हेडसरांनी सांगितलं. सर म्हणाले म्हणजे मग प्रश्नच नाही.”

बाईंनी बाण काढला. ‘जुने हेडसर’ असं लिहिलं. आणि खडू फळ्यावर टेकलेला असतानाच त्यांचा हात थांबला.

“आता हेडसरांकडे जायचं!” पोरं ओरडली. “सरांना कोणी सांगितलं ते उद्या कळेल!”

बाईंना ते आजच कळलं होतं.

ती सकाळ त्यांना लख्ख आठवली. ग्रंथालयाचं दार उघडलं तेव्हा आतून कुबट, ओला वास अंगावर आला होता. पुस्तकं फुगून कपाटांत अशी घट्ट बसली होती की ओढली तर पानं हातात येत. हेडसर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. भोवती सगळा स्टाफ. शुक्रवारी दुपारपासून पाणी गेलेलं होतं. कोणीतरी नळ उघडला असणार, पाणी आलं नाही म्हणून तसाच सोडला असणार, आणि सुट्टीत पाणी आलं तेव्हा ते बघायला कोणी नव्हतं. बेसिनच्या जाळीत कागदाचा बोळा अडकलेला. हेडसरांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, “हे कोणी केलं?” कोणी बोलेना. आणि प्रश्न विचारला गेलाय आणि उत्तर नाही, अशी शांतता ज्यांना कधीच सोसली नाही, त्या बाई म्हणाल्या, “घंटावाले काकाच असतील बहुतेक. कुलपं लावायला शेवटी तेच असतात ना.”

बस, एवढंच. त्यातलं ‘बहुतेक’ दुपारपर्यंत गळून पडलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीत पोहोचली होती. काका त्या वेळी दाराशी फडकं पिळत उभे होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं होतं का, हे आठवायचा बाईंनी आता प्रयत्न केला, पण त्यांना फक्त फडकं आठवलं.

काकांच्या किल्ल्या गेल्या तेव्हा बाईंना वाईट वाटलं होतं, हेही खरं. त्यांनी स्टाफरूममध्ये हळहळ व्यक्त केली होती. “बिचारा, एवढ्या वर्षांची नोकरी,” असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांची ती हळहळ सगळ्यांना आवडली होती. मग परीक्षा आल्या, सुट्ट्या आल्या, आणि अवघा गाव म्हणतो तेव्हा खरंच असेल, असं म्हणून त्यांनीही ते मानून टाकलं. आपलीच शिळी बातमी आपल्याकडे परत आली, आणि आपण तिला नवी समजून जागा दिली!

त्या संध्याकाळी बाई जुन्या हेडसरांकडे गेल्या. सर आता काठी घेऊन चालत. पण बैठकीच्या खोलीतली खुर्ची अजून तशीच भिंतीकडे पाठ करून मांडलेली, समोर कोणी बसलं की आपल्याला ऑफिसात बोलावलंय असं वाटावं. सरांनी स्वतः चहा केला.

“उद्या पोरं येणार आहेत ना?” ते म्हणाले. “क्लार्कचा फोन आला होता. म्हणाला, तुमच्या बाईंनी सगळ्यांची उलटतपासणी मांडलीय.”

“सर, तुम्हाला आठवतं? त्या सकाळचं?”

सरांनी कप खाली ठेवला. “तुम्ही म्हणाला होतात, बाई. मला आठवतं. मी पण पटकन मान्य केलं. वरून चौकशी येणार होती, मला एक नाव हवं होतं. तुम्ही दिलंत, मी घेतलं.”

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं, तिचा खटखट आवाज येत राहिला.

“हे बघा,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “तुमची निवृत्ती दीड-दोन वर्षांवर आलीय. पोरांचा जीव आहे तुमच्यावर. मी उद्या म्हणेन, आठवत नाही. म्हातारा माणूस, कोण शंका घेणार? माझी बायको तर रोज म्हणते, तुम्हाला काही आठवत नाही.”

इथे बाईंनी ‘नको सर’ म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द होता. पण त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तो शब्द चहाबरोबर खाली गेला. “वहिनी कुठे गेल्यात?” असं काहीतरी त्यांनी विचारलं, दोन मिनिटं बसल्या, आणि निघाल्या. सर दारापर्यंत आले. दोघांनीही त्या विषयाला पुन्हा हात लावला नाही.

रस्त्यानं चालताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. मी कुठे म्हटलं तसं सांगा? मी तर काहीच म्हटलं नाही. घरी आल्यावर यजमान म्हणाले, “आज चेहरा का असा? काय झालं?” बाई म्हणाल्या, “डोकं दुखतंय.” यजमानांनी गमतीनं विचारलं, “अजून कोण म्हणतं?” आणि बाईंना एकदम इतकं रडू आलं की ते बिचारे पेपर टाकून उठले. “अगं, मस्करी केली गं मी!” त्यांना वाटलं, खरंच डोकं फार दुखतंय. त्यांनी गोळी शोधून आणली. बाईंनी ती घेतलीही.

सकाळी टोळी परतली ती पडेल चेहऱ्यानं.

“हेडसर म्हणाले, आठवत नाही.”

“आम्ही तीनदा विचारलं. ते म्हणाले, बाळांनो, वय झालं.”

“खाऊ मात्र दिला,” एकानं जोडलं.

फळ्यावर तो शेवटचा बाण हेडसरांपाशी येऊन थांबला होता. पुढे रिकामा फळा. मग वकील उठला.

“बाई, मग आता परवाचंच लिहायचं ना? शोधून काही निघालं नाही. म्हणजे काकांचंच नाव राहिलं.”

“हो,” बाकीचे म्हणाले. “दुसरं कोणाचं नाव नाहीच आलं.”

दोन मुली खोडरबर आणि पट्टी घेऊन कागदाशी बसल्या. परवाच्या पेन्सिलीच्या रेघा अजून होत्या. ‘घं’ अर्धा काढून झालेला होता. एकीनं ब्रश बुडवून त्यात काळा रंग भरायला सुरुवात केली. चिमणी आपल्या बाकावरून बघत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. जवळ घेतलं असतं, डोळे पुसले असते, आणि दयाळू बाई म्हणून तिथून सुटल्या असत्या. ती नुसती बघत होती, मोठ्यांचं जग असंच असतं हे आता समजलं, अशा नजरेनं.

“ब्रश ठेव,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खडू घेतला, हेडसरांच्या नावापासून पुढे एक लांब बाण काढला, आणि त्याच्या टोकाशी काहीच लिहिलं नाही. टेबलामागची आपली खुर्ची सोडून त्या पहिल्या बाकावर येऊन बसल्या. बाक मुलांच्या मापाचा; गुडघे पोटाशी आले.

“विचारा,” त्या म्हणाल्या. “शिंपीकाकांना विचारलंत तसं मला विचारा.”

क्षणभर कोणाला काही समजेना. पहिल्यांदा वकिलाच्याच ध्यानात आलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याला जिंकायचं नव्हतं आणि तरी तो जिंकला होता.

“बाई... तुम्ही?”

“मी सांगितलं हेडसरांना. त्यांना आठवतं. काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते.”

“मग ते आठवत नाही का म्हणाले?”

“माझ्यासाठी.”

“तुम्ही सांगितलंत त्यांना तसं म्हणायला?”

“नाही. ते म्हणाले, आणि मी गप्प बसले.”

“म्हणजे हो म्हणाल्यासारखंच की,” मागून कोणीतरी पुटपुटलं. शेजाऱ्यानं त्याला कोपरखळी मारली. बाई म्हणाल्या, “मारू नकोस त्याला. बरोबर बोलतोय तो.”

मग चिमणी उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज भिंतीपर्यंत पोहोचला. “तुम्ही आजोबांना नळाशी पाहिलं होतं?”

“नाही.”

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कोणीच नाही.”

“मग का म्हणालात?”

बाईंना मुलांसमोर उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. आता सुचत होती ती सगळी बनवलेली, तालीम केलेली. त्या शोधत राहिल्या. “सरांनी विचारलं,” शेवटी त्या म्हणाल्या, “आणि मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. तेवढ्यासाठी.”

चिमणी खाली बसली. तिनं ‘असू दे बाई’ म्हटलं नाही, आणि बाईंनी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

कागदावर काय लिहायचं यावर मग तासभर वाद झाला. वकिलाला वाटत होतं, काकांनी केलं नाही असं लिहावं. त्याला चिमणीसाठी काहीतरी करायचं होतं. पण एक मुलगी म्हणाली, “तेही कोणी पाहिलेलं नाही.” शेवटी ठरलं ते असं: ‘पाणी वरच्या बेसिनमधून आलं. नळ कोणी उघडा ठेवला हे कोणीही पाहिलेलं नाही. एका माणसाचं नाव पाहिल्याशिवाय घेतलं गेलं आणि सगळ्यांनी ते एकमेकांकडून घेतलं.’ काळ्या रंगानं रंगवलेला अर्धा ‘घं’ पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून झाकला. तरी उन्हात तो खालून थोडा दिसायचाच. फळ्याच्या कोपऱ्यातला रंगीत नियम बाईंनी ओल्या फडक्यानं स्वतः पुसला. इतकी वर्षं तो तिथे होता की पुसल्यावरही लाकडात त्याची सावली राहिली.

दुपारी शाळा सुटल्यावर चिमणीबरोबर बाई काकांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दारात चपला ओळीत मांडलेल्या. काका खूप वाळले होते. बाईंना बघून ते उठून उभे राहिले, शाळेत उठायचे तसेच, आणि बाईंना मान वर करवेना.

त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, हेडसरांचा चहासुद्धा नाही. काका ऐकत होते. मध्येच उठून आत गेले, स्वयंपाकघरातला नळ हातानं दाबून आले आणि पुन्हा बसले.

“पण बाई,” ते म्हणाले, “मीच ठेवला असेल.”

“तुम्हाला आठवतं तसं?”

“आठवत कुठलं! पहिले चार दिवस मी शपथेवर सांगत होतो, मी नाही. मग क्लार्क म्हणाला, शिंपी म्हणाला, बायको म्हणाली, आठवून बघा हो नीट. एवढे सगळे म्हणतात म्हटल्यावर मला माझा हात दिसायला लागला नळावर. आता तर रोज दिसतो. घरात नळ तीन-तीनदा बघून येतो. बायको होती तोवर म्हणायची, नळाशीच लग्न लावायचं होतं तुमचं.”

आज सकाळपासून जे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, तेही मग बाहेर पडलं. “काका, त्या शुक्रवारी पाणी गेलं होतं. माझा वर्ग त्या बेसिनच्या शेजारी. माझे हात खडूचे. हात धुवायला गेले असेन मीच. मला आता माझाही हात दिसतोय नळावर.”

काकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि अचानक ते हसले. मोकळं नव्हे, पण हसले. “झालं! आता तुम्हीपण लागा. एका नळाला किती हात असणार हो?”

चिमणीनं पाण्याचे दोन पेले आणून ठेवले.

“बाई, माफीबिफीचं मला काही समजत नाही,” काका म्हणाले. “तुम्ही आलात ते बरं केलंत. किल्ल्या गेल्या, त्याचं काही नाही. आज ना उद्या जायच्याच होत्या. भिंतीवर काय लावायचं ते लावा. पण एक काम करा. त्या शिंप्याला सांगा. त्याच्या दुकानावरून जावं लागतं म्हणून मी एवढी वर्षं बाजाराला वळसा घालून जातो. आता गुडघ्यांना तो वळसा झेपत नाही.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “आत्ताच जाते.”

शिंप्याचं दुकान उघडं होतं. मशीन घरघरत होतं, अंगठ्याएवढ्या दिव्याखाली शिंपीकाकांचं डोकं झुकलेलं. बाईंनी पायरी चढून सगळं सांगितलं, एका दमात. शिंपीकाकांनी मान वर न करता दोरा दातांनी तोडला.

“अहो बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. पोरांच्या नादानं तुम्हीही पोर झालात. शिपायानंच ठेवला होता नळ. सगळ्या गल्लीला माहितीय. मावशींना विचारा हवं तर.”

“मावशींना तुम्ही सांगितलंत.”

“मग क्लार्कला विचारा.”

“क्लार्कला सरांनी सांगितलं. सरांना मी.”

“बरं, मग तुम्हाला कुठून तरी कळलंच असेल ना? उगीच का कोणी बोलतं!” मशीन पुन्हा सुरू झालं.

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. एका सकाळी, एका वाक्यात, ओल्या फरशीवर उभं राहून जे त्यांनी सोडून दिलं होतं, ते गोळा करायला निघाल्यावर पहिल्याच दारात असं अडकलं होतं. यानंतर मावशींचं दुकान होतं. मग क्लार्क. मग क्लार्कनं ज्यांना सांगितलं ती माणसं, जी बाईंना माहीतही नव्हती.

कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल होतं, त्यावर कापडाच्या चिंध्यांचा ढीग. बाईंनी चिंध्या उचलून बाजूला ठेवल्या, स्टूल ओढून मशीनसमोर घेतलं आणि बसल्या.

“शिंपीकाका, पाय काढा पायडलवरून जरा,” त्या म्हणाल्या. “मी परत पहिल्यापासून सांगते.”